बशीरचाचांची ऐकण्याची शिकवणी

बातमी आली तेव्हा मी प्रयोगशाळेतलं सकाळचं पहिलं काम आटोपून हात धूत होते. फोन वाजला. मालवणहून श्रावणीचा आवाजी निरोप होता. श्रावणी म्हणजे बशीरचाचांकडे यंदा शिकायला येणाऱ्या चार मुलांपैकी एक. निरोपात आधी बराच वेळ नुसते श्वास, मागे कुणाची तरी कुजबुज, आणि मग, "ताई, चाचा गेले... आम्ही नऊ वाजता क्लासला आलो तर ओटीवर खुर्चीत बसलेले होते. चहा अर्धा तसाच. आम्ही हाक मारली, मग समोर जाऊन उभे राहिलो, हात हलवले..." पुढचं तिला सांगता आलं नाही. दुपारच्या नमाजानंतर दफन होतं. मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान गावात. इथून निघून मालवण गाठायला दोन दिवस लागतात. हात पुसून मी पुन्हा टेबलाशी जाऊन बसले आणि समोरच्या नमुन्यांवर, आधी लावलेल्याच चिठ्ठ्या परत लावत राहिले. याला आता सहा आठवडे झाले.

बशीरचाचा नात्याने माझे कोणी नव्हते. ते मूळचे खारेपाटणचे, मी मसुऱ्याची. आमच्या घरी भातशेती, काजू आणि आंब्याच्या कलमांची बारकी बाग. चाचांची सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर गेली. ते रेडिओ ऑफिसर होते. जहाजाच्या एका कोपऱ्यातल्या खोलीत बसून, कानांना हेडफोन लावून, टिंबा-रेघांच्या पीकपीक आवाजातून येणारे संदेश ऐकायचे आणि कागदावर उतरवायचे, हे त्यांचं काम. वादळाची सूचना, बंदराचा हुकूम, खलाशाच्या घरून आलेली तार, सगळं आधी त्यांच्या कानांतून जायचं. पुढे उपग्रह आले आणि जगभरच्या जहाजांवरून ही नोकरीच उठली. पन्नाशीच्या आतच चाचा घरी आले. मालवण हे त्यांच्या बायकोचं, खातूनचाचीचं माहेर. बाजारामागच्या एका गल्लीत चिऱ्यांचं घर बांधून दोघं तिथे राहिली. चाचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत. मग जहाजावर नोकरीला जाऊ पाहणारी मुलं त्यांच्याकडे इंग्रजी विचारायला येऊ लागली, आणि त्यांच्यामागून आमच्यासारखी, परदेशी विद्यापीठांत शिकायला जाऊ पाहणारी.

मी गेले ती नापासाचा शिक्का घेऊन. तसं त्या परीक्षेत नापास कोणाला म्हणत नाहीत, पण मला हवे होते साडेसहा आणि ऐकण्याच्या भागात मिळाले होते पाच. परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा तर इंग्रजीची ही परीक्षा द्यावी लागते. वाचणं, लिहिणं, बोलणं आणि ऐकणं असे तिचे चार भाग. माझं वाचणं-लिहिणं बरं होतं. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून मी पुढे मत्स्यविज्ञानाची पदवी घेतली होती आणि इंग्रजी पुस्तकांची सवय झाली होती. ऐकण्याचा भाग मात्र निराळा. ध्वनिमुद्रण एकदाच लावतात. सात-आठ मिनिटं कुणीतरी बोलत असतं, तेवढ्यात दहा उत्तरं लिहायची; असे चार तुकडे. पणजीच्या केंद्रात माझा सातवा प्रश्न चुकला. 'काय म्हणाली ती बाई, काय म्हणाली' असं मी आठवत बसले, आणि भानावर आले तेव्हा बोलणारी माणसंच बदलली होती.

घरी येऊन मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाबा मालवणच्या बाजारातून बातमी घेऊन आले की एक जहाजावरचा माणूस आहे, त्याने आयुष्यभर ऐकण्याचंच काम केलंय. दुसऱ्याच सकाळी एसटीने आम्ही दोघं त्यांच्या ओटीवर हजर. उंच, सडपातळ माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा, चौकड्यांची लुंगी. बाबांनी सगळं सांगितलं. चाचा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत ऐकायचे. मला वाटलं, केवढं लक्ष देऊन ऐकतात!

"माका इंग्रजी शिकवूक येणा नाय," ते म्हणाले. "ता तुका येता. माका ऐकूक शिकवूक येता. चलात?"

"चलात," बाबाच म्हणाले.

पहिला आठवडाभर त्यांनी मला इंग्रजीचा एक शब्द ऐकवला नाही. चार वाजले की मला घेऊन मालवणच्या एसटी स्टँडवर जायचे. तिथल्या भोंग्यातून खरखरत गाड्यांची नावं पुकारली जायची. कुठली गाडी, कुठल्या मार्गे, किती नंबरच्या फलाटाला, हे मी वहीत लिहायचं. मला हसू यायचं. इथलीच मुलगी मी, ह्या गाड्यांतून आयुष्य गेलं माझं! पण पहिल्या दिवशी एक गाडी निसटली, म्हणून मी शेजारच्या बाईंना विचारलं, त्या सांगेपर्यंत आणखी दोन गाड्या पुकारून झाल्या. चाचांनी वहीवर बोट ठेवलं. "एक चुकली तर चुकली. तिच्या मागे धावलंस तर फुडची पण जाता. थय रेघ मार आणि फुडे ऐक." जहाजावर असंच करायचे म्हणे. अक्षर निसटलं की रेघ मारायची, हात थांबवायचा नाही. संदेश संपला की मग रेघांकडे बघायचं. हे सांगायला सोपं. पण माझ्या स्वभावाला ते जमायला पुरा महिना गेला.

आम्ही तेव्हा चौघं होतो. ओटीच्या एका टोकाला सीडी प्लेअर, त्याला वायरीने जोडलेले दोन स्पीकर. आवाजाच्या बटणावर चाचांनी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता, त्याच्या पुढे-मागे आवाज करायचा नाही. सीडी सुरू झाली की ते खांबाला टेकून मनगटावरचं घड्याळ बघत बसत. "आता दुसरो भाग," "आता पानां उलटा," असं अगदी नेमक्या क्षणी म्हणत. सगळ्या सीड्या त्यांना पाठ होत्या. आतून खातूनचाची हाका मारायची, "आयकलात काय? मिरच्ये व्हये होते!" चाचा ढिम्म. आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. नवरे असतातच असे, असं आम्हाला वाटायचं.

तो दिवस मला अजून मिनिटा-मिनिटाने आठवतो. सकाळची वेळ होती, चाचीने नुकतीच ओटी झाडली होती. चाचांनी सीडी घातली, बटण दाबलं, हिरवे आकडे पळू लागले, ते जाऊन खांबाला टेकले. आम्ही पेन्सिली धरून तयार. आणि काहीच आलं नाही. आवाज नाही, खरखर नाही, काही नाही. आम्हाला वाटलं, सुरुवातीची रिकामी जागा असेल. मिनिट गेलं. दोन गेली. चाचा घड्याळाकडे बघत शांत बसले होते. माझ्या शेजारच्या विनायकने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी स्पीकरकडे पाहिलं. वायर भिंतीशी लोंबत होती, केरसुणीने निघाली असणार. आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं... ते तोंडाकडे टक लावून बघणं, तो पांढरा ठिपका, चाचीच्या हाका.

मी काही बोलले नाही. का नाही, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी मान खाली घातली आणि लिहायला लागले. मला बघून विनायकने, मग बाकीच्या दोघांनीही पेन्सिली चालवल्या. "आता दुसरो भाग," चाचा म्हणाले. आम्ही पान उलटलं. बाहेर नळावर बायका बोलत होत्या, माडावर कावळा ओरडत होता, आत मिक्सर फिरत होता, आणि आम्ही चार जणं अर्धा तास न आलेल्या आवाजाची उत्तरं लिहीत होतो. चाळीसच्या चाळीस.

चाचांनी कागद गोळा केले आणि लाल पेनाने तपासायला घेतले. पहिला बघितला. दुसरा बघितला. मग चारही कागद मांडीवर शेजारी-शेजारी मांडले. चार जणांची चार तऱ्हेची उत्तरं. एकाचं एकाशी जुळत नव्हतं. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, उठले, आणि प्लेअरपासून निघणारी वायर बोटाने चाचपत चाचपत तिच्या टोकापर्यंत गेले. ते सुटं टोक हातात धरून तिथेच उभे राहिले.

"आज कोणाक काय ऐकूक इला?" त्यांनी विचारलं.

चौघांनीही नकारार्थी माना हलवल्या.

"माका पण नाय," ते म्हणाले.

मग खुर्चीत बसले, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "ज्या माणसाक ऐकूक येणा नाय, तो तुमका ऐकूक शिकवता. उद्यापासून येव नको. तुमची परीक्षा ही काय गंमत नाय." माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू माझी दया केलंस. ता माका आवडला नाय." आम्ही चपला घातल्या तेव्हा ते वायर परत जोडत होते.

माझ्या दुसऱ्या परीक्षेला एकवीस दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी मी तरीही गेले. चाचा नव्हते, मशिदीत गेले होते. चाचीने मला आत नेलं, स्वयंपाकघरात पाट दिला. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "जहाजारच गेले हेंचे कान. दिवसरात्र ती शिटी कानात. उतारले तेवाच अर्धे गेले होते. कोणाक सांगूचा नाय म्हणान माका शपथ घातलेली." मग एकदम, तांदळातून हात न काढता, "आमका एक चेडू होता, ता तुका म्हायत आसा?"

मला माहीत नव्हतं. शबनम नाव होतं त्या मुलीचं. चार वर्षांची असताना तापाने गेली. चाचा तेव्हा दक्षिण अमेरिकेच्या वाटेवर होते. घरच्यांनी जहाजाच्या पत्त्यावर तार केली. जहाजावरची तार घेणार कोण? रेडिओ ऑफिसर. "हेंनीच घेतल्यानी ती तार. सुरवातीकच स्वताचा नाव इला. तरी हात थांबवूक नाय. शेवटपर्यंत सगळी अक्षरा लिवल्यानी, मिळाली म्हणान उलट कळवल्यानी, वहीत नोंद केल्यानी. आणि मगे वाचल्यानी." जहाज बंदराला लागून त्यांना घरी यायला पन्नासेक दिवस लागले. "तार कोणी घेतली ता माका खूप वर्सांनी सांगल्यानी. मी इतकी वर्सा समजत होतंय, कोणीतरी जवळ बसवान, पाठीर हात ठेवन सांगला आसतला." चाचीने पदराने डोळे पुसले नाहीत, तांदूळ पाखडून डब्यात ओतले आणि म्हणाली, "तेंका ह्या क्लासाशिवाय दुसरा काय नाय गो. तू जाव नको."

चाचा आले तेव्हा मी ओटीवर बसले होते. त्यांनी काही म्हणायच्या आत मी त्यांच्या समोर उभी राहिले, तोंड त्यांच्याकडे नीट करून हळूहळू म्हणाले, "चाचा, काल मी चुकलंय. पण पुस्तकात वाचून तुमका सीडी पाठ आसा. मी ऐकतंय आणि ऐकलेला मोठ्यान बोलतंय. तुमी माझ्या ओठांकडे बगा. चुकलंय काय हात वर करा."

चाचांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग प्लेअरपाशी गेले आणि वायर दोनदा ओढून बघितली.

त्या एकवीस दिवसांत मी जे शिकले ते कुठल्याही महागड्या क्लासात शिकले नसते. एक वाक्य कानात, त्याच्या आधीचं ओठांवर, अशी माझी धावपळ, आणि समोर चाचांचे डोळे. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत मी नेहमी घोटाळा करायचे. कुठल्या शब्दात ओठ जास्त वेळ ताणलेले राहतात ते त्यांनी दाखवलं. ऑस्ट्रेलियन माणूस तोंड कमी उघडतो, स्कॉटिश माणूस जिभेचं टोक कसं थरथरवतो, हे सगळं ते करून दाखवत आणि आम्ही हसून बेजार होत असू. बाकीची तिघंही आठवड्याभरात परतली होती. आमच्यातल्या कुणीही त्या दिवसाचा विषय परत काढला नाही.

परीक्षा पणजीला, ऐन काजूच्या हंगामात. बाबांना बाग सोडून येता येईना. "आमी जातो," चाची म्हणाली, आणि पहाटेची गाडी धरून आम्ही तिघं निघालो. गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली, तपासणीला एक तरुण पोलीस आत चढला. चाचांच्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट करून त्याने काहीतरी विचारलं. पण तो मागच्या सीटकडे बघत बोलत होता. चाचांना ओठ दिसले नाहीत. "पणजी," ते हसून म्हणाले. पोलिसाने पुन्हा विचारलं. "तीन तिकिटां," चाचा म्हणाले. गाडीत दोन-चार जण हसले. आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "साहेब, त्यांना ऐकू येत नाही!" पोलीस ओशाळला, "माफ करा काका" म्हणून उतरला. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. चाचांनी माझे ओठ पाहिले होते. पणजीपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी हे काय केलं! चारचौघांत, असं ओरडून...

केंद्राच्या फाटकाशी मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला धरून सरळ उभं केलं. "तू बोललंस ता खरा होता. इतक्या वर्सांत माका ता बोलूक जमला नाय, तू बोललंस. आता भुतूर जा. आणि माझो इचार करू नको, नायतर फुडचा निसटतला."

साडेसात मिळाले. निकाल मी त्यांच्याच ओटीवर फोनवर उघडला. चाचांनी फोन हातात घेऊन त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि चाचीला हाक मारली, चांगली गल्लीभर ऐकू जाईल अशी. विनायकलाही चांगले गुण होते, पण व्हिसा दोनदा नाकारला गेला. तो मालवणातच राहिला, आज पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला शिकवतो आणि जगातल्या कुठल्याही उच्चाराच्या माणसाशी गप्पा मारतो. चाचा म्हणत, "तुमच्या सगळ्यांत खरो कान विनायकाचोच."

निघायच्या आदल्या आठवड्यात मी एक अट घातली. कानाचं मशीन घ्यायचं. चाचा उखडले. "सव्वीस वर्सा कानात घालून काढलंय. आता परत काय एक घालूचा नाय. तू पत्र लिव." मी म्हटलं, पत्र लिहिणार नाही, फोनच करणार. यावर चाची शांतपणे म्हणाली, "इतकी वर्सा माझा ऐकलात नाय, आता तिचा तरी ऐका." चाचा तिच्याकडे बघत राहिले आणि मग दोघंही हसायला लागली. कुडाळला जाऊन मशीन आणलं. स्कॉटलंडात पोचल्यावर मी पहिला फोन केला. माझी खोली एका टेकडीवर होती, एकटेपणाने जीव घाबरा झाला होता, आणि 'मी बरी आहे, जेवण चांगलं आहे, माणसं चांगली आहेत' असं मी धडाधड खोटं सांगत सुटले होते. पलीकडे शांतता. मला वाटलं, ऐकू जात नाही. मग चाचांचा आवाज आला, "वारो मोठो आसा थय. खिडकी लाव आधी. आणि मगे खरा काय ता सांग." मी खिडकी लावली आणि पोटभर रडले. त्यांनी मध्ये एक शब्द बोलून मला थांबवलं नाही.

बाबांचं आणि त्यांचं एकदा वाजलं होतं, तेही इथे लिहायला हवं, कारण बाबांचं दुःखही खोटं नव्हतं. शिक्षण संपून मला इथेच नोकरी लागली त्या वर्षी बाबा त्यांच्याकडे कलमाचे आंबे घेऊन गेले आणि बोलता बोलता म्हणाले, "चाचा, तुमी आमच्या पोरांक ऐकूक शिकवतास आणि ती आमचा ऐकूचीच बंद होतत. वाड्येत आमी म्हातारीच उरलो." चाचांनी आंबे उतरवून घेतले आणि म्हणाले, "मी कोणाक धाडणा नाय ओ. जाणारा जातला. वाटेत तेचा पाय घसरा नये, एवढाच माझ्या हातात आसा." बाबांना ते पटलं नाही. पुढे तीन वर्षांपूर्वी खातूनचाची गेली, तेव्हा मात्र रोज मसुऱ्याहून जाऊन चाचांजवळ बसणारे बाबाच होते. दोघं काही बोलत नसत म्हणे. चाचांनी मशीन काढून ठेवलेलं असायचं.

शेवटची भेट यंदाची, आमच्या मसुऱ्यातल्या आंगणेवाडीच्या जत्रेची. मी दहा दिवसांसाठी घरी आले होते. बाबांच्या आग्रहाखातर चाचा गर्दी संपल्यावर मसुऱ्याला आले, आमच्याकडे जेवले. खूप वाळले होते. दुसऱ्या दिवशी मला क्लासला बोलावलं आणि त्या चार मुलांसमोर बसवलं. "हिका पयल्यांदा पाच गुण होते. हिका इचारा काय चुकला ता." मी मुलांना सगळं सांगितलं. मुलं गेल्यावर आम्ही दोघंच ओटीवर उरलो. चाचांनी विचारलं, "परत येतलंस काय गो?"

येईन म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणं मला जमलं नसतं. "म्हायत नाय, चाचा," मी म्हटलं.

"बरा," ते म्हणाले. "बापाशीक पण असाच सांग. येतंय येतंय म्हणान तेका आशेर ठेव नको." आणि मग थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघत, "पण फोन करीत ऱ्हव."

चाचा वारल्यावर मुलांचं काय, हा प्रश्न होता. श्रावणीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. आता दर रविवारी मी इथून व्हिडिओवर त्यांना शिकवते, आणि समोरासमोरचं काम विनायक सांभाळतो. श्रावणीला सात मिळाले. घराचं काय होणार ते चाचांचे खारेपाटणचे पुतणे ठरवतील. तोवर ओटी वापरा, असं त्यांनी विनायकला आपणहून सांगितलंय. बाबा तिथे जातात, मुलांसाठी शहाळी ठेवतात आणि मागे बसून राहतात. इंग्रजी त्यांना कळत नाही. का जाता, असं मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात मी इथल्या समुद्रातल्या शिंपल्यांच्या शेतीवर नमुने आणायला गेले होते. नेहमीची होडी बंद पडलेली, म्हणून एका म्हाताऱ्या कोळ्याची होडी घेतली. डोनाल्ड त्याचं नाव. इंजिनाचा आवाज प्रचंड. दिवसभर मी त्याला सांगत होते, डावीकडे घ्या, इथे थांबा, तो दोर ओढा. परत येताना त्याने इंजिन बंद केलं आणि होडी धक्क्याकडे नुसती वाहू दिली. म्हणाला, मुली, आजकाल माझ्याशी बोलायला आलं की लोक एकतर ओरडतात, नाहीतर माझ्या बायकोला विचारतात. तू नाही ओरडलीस. तू दर वेळी उठून माझ्यासमोर आलीस, मग बोललीस. सगळं समजलं मला.

माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. मी असं करते, गेली दहा वर्षं करत असणार, कुणाशीही बोलताना.

"तुझ्या घरात कोणाला ऐकू येत नाही?" त्याने विचारलं.

मी दोर खाली ठेवला, उठून त्याच्यासमोर गेले आणि सांगितलं, "आमच्या चाचांना."

त्याने मान हलवली. होडी धक्क्याला लागली. मग तो पाटावर सरकला, शेजारी जागा केली आणि म्हणाला, "सांग त्यांच्याबद्दल." घाई कोणालाच नव्हती. मी बसले, पुरती त्याच्याकडे वळून, आणि सांगायला लागले.